जात्यावरची ओवी बंगळुरूला नेताना

प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे. धाकटी मुलगी यंदा बारावीला आहे, कला शाखा, पहिलीपासून मराठी माध्यम. तिला कम्युनिकेशन आणि डिजिटल मीडिया शिकायचंय आणि तेही बंगळुरूच्या ख्राइस्ट विद्यापीठात. आमचं घर माळकरी. सासूबाईंनी कार्तिकी कधी चुकवली नाही. त्या म्हणतात, पोरगी मिशनवाल्यांकडे गेली म्हणजे हातची गेली. यजमान म्हणतात, मोबाइलवर व्हिडिओ करायला शिकायचं तर त्यासाठी एवढा पैसा कशाला? माझी भीती वेगळीच आहे. ती चार लोकांत इंग्रजीचा एक शब्द बोलत नाही, तिथं कोमेजून जाईल. पुण्यात का नको, असं विचारलं की गप्प बसते. तुम्ही स्वतः मिशनच्या कॉलेजात शिकलात असं मागं एकदा लिहिलं होतं, म्हणून विचारते. नाव छापू नये.

एक आई, बार्शी

याच पाकिटात वहीच्या पानावर लिहिलेली एक चिठ्ठी निघाली:

आईनं पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून ही आत घालते. मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करते. एक्केचाळीस झाल्या. एक इन्स्टाग्रामवर टाकली, तर खाली कुणीतरी लिहिलं की शब्द छान आहेत, पण म्हातारीचा आवाज आणि ती घरघर काढून त्याजागी म्युझिक टाका. तेव्हापासून मला हे नीट शिकायचंय. पुण्यात राहिले तर दर शनिवारी घरी यावं लागेल, आणि दर शनिवारी कुणीतरी स्थळ घेऊन येईल. मोठ्या ताईचं तसंच झालं, तिचं शिक्षण अर्धं राहिलं. हे मला घरी तोंडानं सांगता येत नाही. तुम्ही छापलंत तरी चालेल.

उत्तर

बाई (तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते), चिठ्ठी छापू की नको, यावर मी चार दिवस घालवले. मुलीनं परवानगी दिली आहे म्हणून छापली. तुम्ही ती वाचून घ्या, मग माझं उत्तर वाचा. तिच्यावर रागावू नका. घरच्यांना जे सांगायचं ते तिनं मासिकातून सांगितलं, यावरूनच ती या विषयाकडे का ओढली जाते ते कळावं.

आधी सासूबाईंचं.

मी १९८४ साली मंगळवेढ्याहून मुंबईला गेले. कॉलेज ख्रिस्ती, हॉस्टेल नन्सचं. निघताना आजीनं गळ्यातली माळ चाचपून पाहिली आणि म्हणाली, ही काढायला लावली तर त्याच गाडीनं परत ये. तीन वर्षांत माळेला कुणी हात लावला नाही. जेवणाआधी प्रार्थना व्हायची, आम्ही सगळ्या उभ्या राहायचो. मी मनातल्या मनात ‘वदनी कवळ घेता’ म्हणायचे. एकदा सिस्टरनी विचारलं, तुझे ओठ कशाला हलतात? मी म्हणून दाखवलं. त्यांनी अर्थ विचारला, वहीत लिहून घेतला आणि वाढायला लागल्या. धर्माच्या नावानं तीन वर्षांत माझ्याशी झालेलं बोलणं ते एवढंच.

माझ्या एकटीच्या अनुभवावर विसंबू नका. घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाचा तिसरा खंड सांगतो की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. तिसावं कलम अल्पसंख्याकांना संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार देतं. ही दोन्ही कलमं एकाच घटनेतली आहेत. आवारात चर्च असेल, नाताळाला येशूजन्माचा गोठा सजेल, कार्यक्रमाची सुरुवात प्रार्थनेनं होईल. तुमच्या शाळेत परिपाठाला प्रार्थना होते, तसंच.

सासूबाईंना आणखी एक गोष्ट सांगा. ख्राइस्ट चालवणारा धर्मसंघ केरळचा आहे, विलायतेतून आलेला नाही. १८३१ साली कोट्टयमजवळच्या मान्नानम इथं कुरियाकोस एलियास चावरा आणि त्यांच्या ज्येष्ठ सोबत्यांनी तो उभा केला. आपल्या लोकांना वाचायला काहीतरी मिळावं म्हणून चावरांना छापखाना हवा होता, पण यंत्र मिळेना. तेव्हा त्यांनी तिरुवनंतपुरमला जाऊन छापखाना पाहिला, केळीच्या खुंटाचा नमुना करून सुताराला दाखवला आणि लाकडी यंत्र बनवून घेतलं, अशी हकीकत सांगतात. १८४६ साली तो छापखाना सुरू झाला. मान्नानमच्याच छापखान्यातून १८८७ साली ‘नसरानी दीपिका’ हे मल्याळम वृत्तपत्र निघालं. ते ‘दीपिका’ या नावानं आजही चालू आहे. बंगळुरूत होसूर रोडला विद्यापीठाच्या शेजारी या संघाचं धर्मगुरू घडवणारं विद्यालय आहे, त्याचं नाव धर्माराम. हे नाव सासूबाईंना परकं वाटणार नाही. १९६९ साली तिथं ख्राइस्ट कॉलेज सुरू झालं, २००८ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सुताराकडून छापखाना करून घेणाऱ्या माणसाच्या वारसांनी आज माध्यमं शिकवावीत, हे मला तरी अगदी स्वाभाविक वाटतं.

आपल्याकडची गोष्ट तर याहून जवळची आहे, आणि ती ओवीचीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा धर्मगुरू, सोळाव्या शतकात गोव्यात आला आणि तिथल्या साष्टी भागात राहिला. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांना बायबलमधली कथा सांगायची तर कशी सांगायची? लोकांचे कान पुराण ऐकायला सरावलेले होते. म्हणून त्यानं गद्य बाजूला ठेवलं आणि ओवी धरली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं, मराठीत. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत छापलं. ऐकणाऱ्याचे कान ओळखून छंद निवडायचा आणि हाताशी असेल त्या लिपीत तो लोकांपर्यंत न्यायचा, हा संज्ञापनाचा, म्हणजे कम्युनिकेशनचा, धडा मी पुढे तीस वर्षं आकाशवाणीत रोज गिरवला. पुढे १८४२ साली अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशननं ‘ज्ञानोदय’ काढला. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली तुमच्या शेजारच्या उस्मानाबादेत (आताच्या धाराशिवात) भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मिशन आणि मराठी यांचं हे एवढं जुनं नातं घरात कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून ‘हातची गेली’ अशी भीती वाटते.

आता यजमानांचा प्रश्न. व्हिडिओ करायला शिकायचं तर विद्यापीठ कशाला?

ते बरोबर बोलतात. नुसतं बटण दाबायला आणि कापाकापी करायला शिकायचं असेल तर एवढा पैसा घालू नका. ते तुमची मुलगी आत्ताच जाणते. तिला अडतंय ते दुसरीकडे. त्या परक्या माणसानं लिहिलेलं वाक्य बघा: घरघर काढा. पहिल्या वर्षात केव्हातरी तिच्यासमोर क्लॉड शॅनन यांची १९४८ सालची आकृती येईल. बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करणारा हा गणिती. एका टोकाला संदेश धाडणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा, मधे वाहिनी, आणि त्या वाहिनीत बाहेरून घुसणारा ‘नॉइज’, म्हणजे गोंगाट. टेलिफोनच्या तारेसाठी ही आकृती चोख आहे. पण जात्याची घरघर हा गोंगाट आहे का? ओवीचा ठेका त्या दगडाच्या फेऱ्यानं ठरतो. दम कुठं घ्यायचा, शब्द कुठं लांबवायचा, हे हातातला खुंटा ठरवतो. घरघर काढली तर उरतात ते शब्द, ओवी उरत नाही. आणि गंमत म्हणजे मोबाइललाही त्या माणसासारखंच वाटतं. फोनमधली गोंगाट कमी करणारी सोय एकसुरी, सतत चालणारा आवाज हुडकते आणि तो पुसायला बघते. जातं तिच्या लेखी पंख्यासारखं.

काय गोंगाट आणि काय गाणं, हे कोण ठरवतं? तो अधिकार त्याला कुणी दिला? आजीचा आवाज जगापुढे ठेवायचा तर आजीला काय विचारायला हवं? गाणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावर कायद्यानं काय हक्क असतो (आपल्या कॉपीराइट कायद्यात तो आहे)? बार्शीबाहेरच्या माणसाला ‘माहेर’ या शब्दातलं ओझं कळावं म्हणून खाली उपशीर्षक काय द्यायचं? चांगला संज्ञापनाचा अभ्यासक्रम असे प्रश्न विचारायला लावतो. माध्यमांचा इतिहास, कायदा, नीती, संशोधनाच्या पद्धती, आकडे वाचणं, आणि मग ध्वनी, चित्र, संपादन. डिजिटलचा भाग त्यातला एक. ॲप्स चार वर्षांत बदलतील. मी चौथाई इंची टेप ब्लेडनं तिरकी कापून चिकटवायला शिकले होते, ते कसब आज माझ्याखेरीज घरात कुणाला ठाऊकही नाही. पण कुठं कापायचं हे ज्यानं शिकवलं, तो माणूस अजून कामाला येतो.

तो माणूस म्हणजे आमचे ध्वनिमुद्रणाचे शिक्षक. फादर होते. इथं तुमची भीती येते, बाई, इंग्रजीची.

पहिल्या वर्षी माझा एक निबंध एका प्राध्यापिकेनं वर्गात मोठ्यानं वाचला, चुका दाखवण्यासाठी. मुली हसल्या. मी दोन आठवडे मागच्या बाकावरून पुढे आले नाही. अशी जखम तुमच्या मुलीलाही होऊ शकते, मी खोटं सांगणार नाही. पुढं फादरनी पाच मिनिटांचा श्राव्य तुकडा करून आणायला सांगितला. मी पहाटे दादरच्या फुलबाजारात रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन गेले, आणि निवेदन मात्र जड इंग्रजीत लिहिलं. फादरनी ऐकलं, टेप थांबवली आणि मराठीत म्हणाले, “हे तू लिहिलंयस, बोललेली नाहीस. घरी आईला सांगशील तसं सांग.” मी बघतच राहिले. ते वसईचे होते, घरी सामवेदी ही तिथली बोली बोलत. मी त्यांना वर्षभर साहेब समजत होते. तो तुकडा मी मराठीत केला आणि त्याच आवाजावर पुढं नोकरी मिळवली.

प्रत्येक वर्गात असा फादर भेटेलच असं नाही. शिकवणं आणि परीक्षा इंग्रजीतच असणार. म्हणून आत्तापासून एक करा: रोज इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान तिनं तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि मग त्यातली बातमी तुम्हाला मराठीत सांगायची. समजलं नसेल तर सांगता येणार नाही, तिथंच पकडाल. टिपणं मराठीत काढली तरी चालतात, मी तिन्ही वर्षं मराठीतच काढली. पहिलं सत्र जड जाईल. दिवाळीत घरी आली की रडेल. तेव्हा ‘सांगितलं होतं ना’ एवढं म्हणू नका.

ख्राइस्टबद्दल आणखी काही. शिस्त कडक आहे, हजेरी पंच्याऐंशी टक्के मागतात, कपड्यांचे नियम आहेत. घरच्यांना हे आवडेल, मुलीला आवडेल की नाही हे तिला विचारा. सामाजिक कामाचं त्यांचं स्वतंत्र केंद्र आहे, विद्यार्थी वस्त्यांमधून काम करतात. प्रवेशासाठी त्यांची स्वतःची परीक्षा असते. देशपातळीवरच्या सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेशी तिची गल्लत करू नका, तो अर्ज वेगळा, हा वेगळा. परीक्षेनंतर छोटं सादरीकरण आणि मुलाखत होते. तिथं तिनं ओव्यांबद्दल बोलावं, पाठ केलेलं काही बोलू नये. पुण्याजवळ लवासालाही त्यांचा कॅम्पस आहे, पण प्रत्येक कॅम्पसवर प्रत्येक विषय नसतो, तेव्हा अर्ज भरताना विषय आणि कॅम्पस दोन्ही जुळवून पाहा. फी, हॉस्टेल, जेवण, प्रवास असा तिन्ही वर्षांचा हिशेब कागदावर मांडा. कर्ज लागणार असेल तर केंद्र सरकारच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. कॅमेरा घेऊन देऊ नका. पहिलं वर्ष फोन आणि कॉलेजची सामग्री पुरते. घ्यायचाच तर एक बरा माइक घ्या.

आणि तिथं शिकणारी चार मुलं गाठा, जाहिरातीवर जाऊ नका. त्यांना विचारा: स्टुडिओ आठवड्यात किती तास हाताला लागतो? शिक्षकांपैकी कुणी वृत्तपत्रात, रेडिओवर, चित्रपटात काम केलेलं आहे का? विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात व्यवस्थापनाला न आवडणारं काही छापता येतं का? हा शेवटचा प्रश्न मी कुठल्याही संस्थेबद्दल विचारेन, ख्रिस्ती असो की आपल्या साखरसम्राटांची. उत्तर देताना मुलं अडखळली तर त्याचीही नोंद घ्या.

एकच नाव धरून बसू नका. बंगळुरूतच सेंट जोसेफ्स आहे, १८८२ साली सुरू झालेलं आणि पुढे जेझुइटांकडे आलेलं कॉलेज, २०२२ पासून विद्यापीठ. कोलकात्यात फादर गॅस्तों रोबेर्ज या कॅनेडियन जेझुइटानं १९७० साली ‘चित्रबाणी’ हे माध्यमकेंद्र उभं केलं. सत्यजित राय यांचा त्यांच्याशी स्नेह होता. तिथल्या सेंट झेवियर्समध्येही हा विषय जुना आहे. मुलीला मराठी वृत्तपत्रातच बातमीदारी करायची असती तर मी डोळे मिटून पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट सांगितलं असतं. पण तिच्या चिठ्ठीत बातमीदारी नाही, आवाज आहे.

पुणे का नको याचं उत्तर तिनं दिलंच आहे, आणि ते मला पटलं. सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेसनं बंगळुरू एका रात्रीवर आहे. दर शनिवारी येण्याइतकं जवळ नाही आणि अडीनडीला पोचता न येण्याइतकं लांबही नाही. तुम्ही स्वतः शिकलात, नोकरी करता. मोठीचं शिक्षण का अर्धं राहिलं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तीन वर्षं स्थळाचा विषय घरात निघणार नाही, एवढं यजमानांसमोर तिला शब्द देऊन सांगा. मग ती कदाचित पुण्यालाही तयार होईल. तसं झालं तरी मला आनंद आहे. पण शब्द आधी द्या.

आता चिठ्ठीवालीला.

बाळा, तू करतेस त्या कामाला आपल्याकडे मोठी वाट आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यात बसून, पण खेडोपाडी हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मदतीनं, जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. प्रत्येकीखाली गाणारणीचं नाव आणि गाव आहे. पारी या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात त्या आता ऐकायला मिळतात. आधी त्या ऐक. तुझ्या एक्केचाळिसांपैकी किती तिथं वेगळ्या शब्दांत आहेत ते वहीत टिपून ठेव. मुलाखतीला हीच वही ने.

जूनच्या आत एवढं कर. आजीला सगळं समजावून विचार: हे लोक ऐकतील, चालेल का? कुठल्या ओव्या बाहेर द्यायच्या नाहीत? काही ओव्या सासूबद्दल असतील, काही नवऱ्याबद्दल, त्या तिच्या तिलाच ठरवू दे. रेकॉर्डिंगसाठी गोंगाट कमी करणारी सोय बंद करता येईल असं ॲप घे. फाइल वेव्ह स्वरूपात ठेव, एमपीथ्री नको, आणि व्हॉट्सॲपवरून फिरवू नकोस, तिथं आवाज चिरडला जाऊ शकतो. फोन जात्यावर किंवा जमिनीवर ठेवू नकोस, हादरा जातो. घडी घातलेल्या गोधडीवर, आजीच्या तोंडापासून हातभर, थोडा बाजूला ठेव. पंखा बंद. एक मिनिट नुसतं जातं रेकॉर्ड कर, कुणी बोलायचं नाही. मग ओवी. दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेव, त्यातली एक आईकडे.

आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आजीला स्वतःच्या तोंडानं सांगू दे: नाव, वय, माहेर कुठलं, आणि ही ओवी कुणाकडून शिकली.